म्युझियममध्ये बघण्याचा कार्यक्रम

सुरतेचं म्युझियम, आर्ट गॅलरी आणि तापीकाठचा किल्ला, या तिन्ही ठिकाणी कुठल्या खोलीत कुठल्या वेळी कसा उजेड पडतो ते मी झोपेतसुद्धा सांगेन. तिथे काय मांडलंय ते मात्र मला विचारू नका. मी चित्रं बघायला कधी गेलेच नाही. मी माझी मुलगी दाखवायला जायचे.

ऐकणाऱ्याला हसू येतं. येऊ दे. बघण्याचा कार्यक्रम मुलीच्या घरी करतात, चहा-पोहे करतात, हे मलाही कळतं. पहिला कार्यक्रम मी घरीच केला होता. त्यानंतर मात्र कोणाला उंबरा ओलांडू दिला नाही, आणि का दिला नाही ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझा धंदा सेकंडच्या साड्यांचा. मिलमध्ये छपाई सरकली, रंग पसरला, किनार तिरकी गेली की तो माल बाजूला काढतात. असा माल मी लॉटने उचलते आणि धुळे-नंदुरबारकडच्या आठवडे बाजारांत बसणाऱ्या बायकांना देते. नवरा गेला तेव्हा घरात काही नव्हतं. मी डोक्यावर गठ्ठा घेऊन सुरू केलं. आज सुरतेतच पर्वत पाटियाला स्वतःचं घर आहे. पुढच्या खोलीत छतापर्यंत साड्या, मागच्या खोलीत आम्ही मायलेकी. या धंद्यातली सगळी अक्कल घडी घालण्यात आहे. डाग आतल्या घडीत गेला पाहिजे आणि वर आली पाहिजे ती चांगली बाजू. गिऱ्हाईक घडी उलगडायला लागलं की मी त्याच्या हातातून साडी काढून घेते आणि म्हणते, "घ्यायची तर घ्या, नाहीतर राहू द्या. माझ्याकडे माणसं थांबलीत." तेवढ्यानेच अर्धी साडी विकली जाते.

मुलगी लहान असताना मी घरी प्रेसचं, वाफेच्या इस्त्रीचं काम घेत असे. एकदा वाफेचा पाइप सुटला आणि तिच्या डाव्या गालावर कानापासून जबड्यापर्यंत चट्टा उठला. आता तिथली कातडी चुरगळून इस्त्री केलेल्या सॅटिनसारखी दिसते, गुळगुळीत आणि जरा चमकणारी. बाकी मुलगी उंच, नाकीडोळी नीटस. भेस्तानला एका छपाईच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढते. माझ्यासारखी तोंडाळ नाही.

पहिलं स्थळ नंदुरबारचं होतं. मुलगा पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारा, वडील तलाठी होऊन निवृत्त झालेले. आई म्हणजे अशी बाई, की जी दुसऱ्याच्या घरात बसायच्या आधी खुर्ची पदराने पुसते. चहा झाला, पोहे झाले. मुलीला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. मग ती बाई उठली, माझ्या मुलीजवळ गेली, तिच्या हनुवटीला धरलं आणि तिचं तोंड खिडकीकडे फिरवलं.

"इकडून बघू," म्हणाली.

नीट बघितलं. बोट लावूनही बघितलं. मग भिंतीला लावलेल्या गठ्ठ्यांवरून नजर फिरवून मला विचारलं, "काय हो, घरात सगळा सेकंडचाच माल ठेवता का?"

तलाठी हसला. मुलगा आपल्या बुटांकडे बघत बसला. मी हातातली बशी खाली ठेवली, कारण ठेवली नसती तर फेकली असती. माझी मुलगी तशीच खिडकीकडे तोंड करून बसली होती. कोणी फिरवलं की आपण होऊन परत कसं वळायचं, हे तिला सुचलं नसावं.

दोन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

तेव्हापासून मी दुसरी जागा शोधत होते. जळगावकडची एक घाऊक गिऱ्हाईक बाई आली होती. तिला सुरत दाखवायची म्हणून मी म्युझियममध्ये घेऊन गेले. जरीचे कपडे झाले, चिनी भांडी झाली, आणि मग राजे-राण्यांच्या जुन्या बारीक चित्रांची खोली आली. तिथला दिवा पिवळा, वरून पडणारा, मंद. चित्रांना उजेड सोसत नाही म्हणे. मी दारातच थांबले. त्या उजेडात माझा कुठलाही लॉट फ्रेश म्हणून गेला असता. कोपऱ्यात एक लाकडी बाक होता, डाव्या बाजूला भिंत असलेला. मी बाईला म्हटलं, तुम्ही बघा चित्रं. मी त्या बाकावर जाऊन बसले आणि समोरून येणाऱ्याला माझी कुठली बाजू दिसते ते काचेत बघून घेतलं.

त्यानंतरचे सगळे कार्यक्रम तिथे किंवा तसल्याच खोल्यांत झाले. मुलाकडच्यांना सांगायचं, आमची मुलगी डिझायनर आहे, कलेची आवड आहे, तिथेच भेटू. लोकांना ते भारी वाटायचं. नाही म्हणायची तर त्यांची हिंमतच नव्हती, कारण म्युझियम नको म्हणणारा अडाणी ठरतो.

आणि तिथे आल्यावर त्यांची जी गत व्हायची ती बघण्यासारखी असे. आमची माणसं म्युझियममध्ये शिरताना चपला काढतात. आत दगडाचे देव आहेत ना! पायात मोजे, हातात चपला, अशी वरमाय गुळगुळीत फरशीवरून घसरत येताना मी पाहिली आहे. एका आत्याबाईने तर हात तुटलेल्या विष्णूपुढे नाणं ठेवलं, गालावर मारून घेतलं आणि नातवालाही डोकं टेकायला लावलं. तिथली पहारेकरी बाई नाणं उचलून मागे धावली, "बेन, आ मंदिर नथी!" आत्याबाई म्हणाल्या, "असू द्या हो, देव तर आहे ना."

मी कोणाला चपलांचं सांगत नसे. का सांगू? अनवाणी माणूस दबून राहतो. शिवाय तिथे सगळे कुजबुजत बोलतात, आणि जो कुजबुजतो त्याला घासाघीस करता येत नाही. हुंडा नको पण हौस करा, मुलाला गाडी नाही, फर्निचरचं काय, असली वाक्यं मोठ्या आवाजाची असतात. पिवळ्या दिव्याखाली, भिंतीवरचा कोणी बादशहा डोळे वटारून बघत असताना, ती तोंडातून निघत नाहीत.

माझी मुलगी निघताना साडीच्या निऱ्या घालत विचारायची, "आई, आज कुठे बसू? राजांकडे की फुलदाण्यांकडे?"

"राजांकडे. फुलदाण्यांकडे ट्यूबलाइट आहे."

"राजे कंटाळले असतील मला बघून."

"तू तोंड बंद ठेव आणि केस डावीकडून पुढे घे."

किती मुलं आली त्याचा हिशेब मी ठेवला नाही. एक जण किल्ल्यातल्या तोफेवर बसून स्वतःचे फोटो काढत राहिला. मी त्याच्या बापाला म्हटलं, "तुमचा मुलगा तोफेला पसंत पडलाय, तिचंच बघा." एक जण आर्ट गॅलरीतल्या मोठ्या निळ्या चित्रापुढे उभा राहून म्हणाला, हे तर मी पण काढेन. माझ्या मुलीने विचारलं, "मग काढलं का नाही?" तो त्यावर रुसला आणि त्याची आईही रुसली. काही स्थळांना मी नकार दिला, काहींनी आम्हाला दिला. एकदा सगळं जुळत आलं होतं. मी त्यांना सोडायला पार्किंगपर्यंत गेले, मुलगीही आली, आणि भर उन्हात मुलाच्या बहिणीने तिच्याकडे बघितलं. तेव्हापासून निरोप आतच द्यायचा हे मी ठरवून टाकलं.

या सगळ्यात मुलीला त्या जागेची गोडी लागली. कार्यक्रम संपला की ती मला म्हणायची, तू रिक्षा कर, मी आले. चित्रांना हाताने काढलेली जी बारीक किनार असते, फुलं, वेली, हरणं, ती ती डोळे चिकटवून बघत बसायची. त्यातल्या वेलींवरून तिने साड्यांच्या किनारी काढल्या. एक चांगली चालली. मी म्हटलं, चला, नवरा नाही तर नाही, किनार तरी मिळाली. ती हसली नाही.

मग गेल्या वर्षी माझा मावसभाऊ आला. तो कडोदऱ्याला यंत्रमागावर मुकादम आहे आणि आमच्या सगळ्या सोयरिकी त्याच्याच तोंडून होतात. चहाचा कप बशीत पालथा घालून तो म्हणाला, "आक्का, नंदुरबारना त्या लोके परत इचारी राह्यनात."

"कोण?"

"तेच. तलाठीवाला. आते बजार फिरी गया ना. पोरेसले पोरी भेटी नई राह्यन्यात."

बाजार फिरला होता, ते खरंच. आमच्या समाजात नोकरीवाले, शेतीवाले, चांगले धडधाकट मुलगे बिनलग्नाचे फिरतात, मुली मिळत नाहीत. तलाठी वारला होता. मुलगा अजून तसाच. आईचे गुडघे गेलेले, घरात करायला कोणी नाही. आता तिला माझी मुलगी दोन्ही बाजूंनी चालणार होती.

मला किती आनंद झाला ते मी लपवणार नाही. वर्षानुवर्षं एखादा लॉट पडून असतो आणि एक दिवस ज्याने नाकारलेला असतो तोच दुकानाची पायरी चढतो, त्या आनंदाला तोड नाही. मी भावाला म्हटलं, "बोलाव. म्युझियममध्ये."

"तुना राग बाजूले ठेव, आक्का. पोर तठे सुखी राही."

"राग कशाचा? मी तर बोलावतेय."

त्या संध्याकाळी मुलगी पीठ मळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, या खेपेला घासाघीस करू नको. मला तिथे लग्न करायचंय."

मी विचारलं, "तिथे? ज्यांनी तुला तसं..."

"त्याने नाही. त्याच्या आईने. तो त्या दिवशी जिना उतरून परत वर आला होता. तू आत भांडी आपटत होतीस. मला म्हणाला, चुकलं, माफ करा. दिवाळीला मेसेज करतो. मीही एकदा केला."

"माफी मागायला आईच्या मागून यावं लागलं त्याला. समोर बोलता आलं नाही?"

"तुझ्यासमोर मला तरी कुठे बोलता येतं?"

मी म्हटलं, बघू. 'बघू' म्हणजे काय ते ती जाणून होती. बाजारात मी 'बघू' म्हटलं की समोरचा अजून खाली येतो. तिने पिठाचा हात धुतला आणि म्हणाली, "आई, मी तुझ्या पाया पडू का? आत्ता पडते. पण तिथे नाही म्हणू नको."

पडलीही.

या वेळी मी राजांची खोली घेतली नाही. फुलदाण्यांची घेतली. पांढऱ्या ट्यूबा, वर मोठी खिडकी, सुईच्या टोकाएवढा डाग दिसेल असा उजेड. या वेळी माल त्यांचा होता. मुलीने स्वतः काढलेल्या किनारीची साडी नेसली होती आणि केस मागे बांधले होते. तो तिचा प्रश्न.

ती माणसं आली. बाईच्या पायात चपला होत्या, हे मी आधी बघितलं. काठी टेकत आली. मागे मुलगा, कानांजवळ पांढरे झालेले केस, हातात आईची पिशवी. सोबत माझा भाऊ. बाईने मला नमस्कार केला. मी हात जोडले नाहीत, पदर सारखा केला.

"झालं गेलं विसरा, विहीणबाई," ती म्हणाली. "त्या वेळी आमचे हे होते, त्यांचा स्वभाव तसा होता."

मेलेल्या नवऱ्यावर ढकललं. मी म्हटलं, "हात तर तुमचा होता."

माझा भाऊ खोकला. मुलगा मध्ये पडला, "काकू, माझं चुकलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

"असं होय? या, इकडे या जरा."

तो पुढे आला. मी त्याच्या हनुवटीला धरलं आणि त्याचं तोंड खिडकीकडे फिरवलं. दाढीचे खुंट बोटांना टोचले. चिनी भांडी बघायला आलेलं एक जोडपं थांबून बघायला लागलं. मी त्याला सावकाश बघितलं. डोळ्यांखाली काळं, एक दात पुढे, कपाळ मागे सरकलेलं. हे सगळं मी मोठ्याने म्हणाले. साडीतला दोष गिऱ्हाइकाला दाखवून भाव पाडतात तसं एकेक बोट ठेवून म्हणाले. तो हलला नाही. त्याची आई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती, ओठ आत घेतलेले. माझी मुलगी म्हणाली, "आई, बस." हळू म्हणाली, तिथे सगळे म्हणतात तसंच.

"झालं समाधान?" बाईने विचारलं.

"आता झालं."

मग बाईने मुलाच्या हातातली पिशवी घेतली आणि आतून नारळ काढला, तांदळाची पुडी काढली, खण काढला. म्हणजे आज पसंतीच होती, ओटी भरायची तयारी करूनच आली होती. पहारेकरी बाई धावत आली, "बेन, अहीं आ बधुं नहीं चाले!" भाऊ तिच्या हातापाया पडायला लागला, एकच मिनिट, शुभकार्य आहे. मुलगी माझ्याकडे बघत होती. सगळं झालं होतं. त्या बाईने मान खाली घातली होती, मुलाने तोंड फिरवून दिलं होतं, आणि कुठलाही शहाणा व्यापारी अशा वेळी सौदा पुरा करतो, हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

मी म्हटलं, "नारळ आत ठेवा. आमचा नकार आहे."

आमच्यात मुलीकडचे असं तोंडावर नकार देत नाहीत. मुलाकडचेही देत नाहीत. घरी जातात, मधल्या माणसाकडून कळवतात, पत्रिकेचं निमित्त करतात. भाऊ "आक्का!" म्हणून ओरडला आणि पहारेकरी बाईने त्याला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं.

तेव्हा माझी मुलगी पुढे आली. त्या बाईच्या समोर उभी राहिली, साडीचा पदर दोन्ही हातांनी धरून तिने ओंजळीसारखा पसरला आणि म्हणाली, "भरा, आई. मला मान्य आहे."

एवढी वर्षं मी तिला बसवलं तशी ती बसली होती. आपण होऊन पदर पसरणारी मुलगी मी कधी पाहिली नव्हती. पदर पसरायला कोणीतरी मागून सांगावं लागतं, मोठ्या बाईने धरावं लागतं. तिने पदर घट्ट धरला होता आणि मान वर होती.

बाईच्या हातात नारळ होता. तिने पदराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नकार मागे घेतला नाही. मग तिने आपल्या मुलाकडे बघितलं.

"आई नाही म्हणते आहे आणि ही पदर पसरते," ती म्हणाली. "आज आईचं ऐकत नाही, उद्या माझं काय ऐकणार?"

नारळ पिशवीत गेला. तांदळाची पुडी गेली. खण गेला, तोही आधी सरळ करून, घडी घालून. मुलगा "आई, अगं" एवढंच म्हणाला. "चल," ती म्हणाली, आणि तो तिचा दंड धरून चालायला लागला. दाराशी त्याने मागे वळून बघितलं की नाही ते मला माहीत नाही. मी मुलीकडे बघत होते. पदर अजून तसाच पसरलेला होता.

खरं सांगते, त्या क्षणी मला त्या बाईचं पटलं. तिच्या जागी मी असते तर मीही नारळ आत ठेवला असता. इतक्या वर्षांत आम्हा दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं.

भाऊ त्यांच्यामागे गेला आणि तेव्हापासून माझ्या घरी आलेला नाही. त्या मुलाने मुलीला नंतर फोन केला होता, माझ्या आईला थोडा वेळ दे म्हणून. तिने त्याचा नंबर बंद केला. बायका म्हणतात, तू पोरीचं वाटोळं केलंस. मी विचारते, जी बाई पसरलेल्या पदरात नारळ टाकायला कचरली, तिच्या घरात माझी मुलगी जन्मभर काय पसरणार होती? पण ती बाई कचरेल हे मला आधी ठाऊक होतं का, असं अजून तरी कोणी मला विचारलेलं नाही.

त्या दिवशी रिक्षात बसल्यावर मी तिला म्हटलं, "भूक लागली असेल. रस्त्यात काही खाऊ या का?"

ती बाहेर बघत म्हणाली, "मारे नथी खावुं, बेन."

मला वाटलं, रागात आहे, उतरेल. उतरला नाही. ती कामावर जाते, पगार घरात देते, दुखलं-खुपलं बघते, माझ्या औषधांच्या वेळा चुकवत नाही. पण माझ्याशी मराठी बोलत नाही. शेजारणीशी बोलते, फोनवर बोलते, देवाचं म्हणते ते मराठीत. मला मात्र गुजराती, बाजारातली, स्वच्छ आणि अदबीची. केम छो, जमी लो, दवा लई लो. आई म्हणत नाही, बेन म्हणते, गिऱ्हाईक दुकानदारणीला म्हणतं तसं.

मीही तिला गुजरातीतच उत्तर देते. तिला काय वाटलं, मला येत नाही?